पाणी चावतं

कारभारी मिस्त्री एकदा काम करून गेला की त्याच कामासाठी त्याला दुसऱ्यांदा बोलवावं लागत नाही. हे जालन्यात दुसरं कुणी सांगो न सांगो, कारभारी स्वतः सांगतो, आणि चहाचा घोट घेऊन पुन्हा एकदा सांगतो. माणूस मूळचा धावड्याचा. शेती धाकट्या भावाकडे सोपवून आयटीआयला आला, वायरमनचं शिकला, आणि बघता बघता नळाचंही काम हाती घेतलं. "वायरवाला येगळा, नळवाला येगळा, कशाला पायजेत दोन दोन माणसं? दोघं एकमेकावर ढकलून मोकळे. मी एकटाच बराबर हाय," हे त्याचं ठरलेलं बोलणं. तीस वर्षं झाली. आता कितीतरी घरांच्या भिंतीत कुठून वायर गेली आणि कुठून पाइप, हे घरमालकापेक्षा कारभारीला जास्त ठाऊक. भिंतीत खिळा ठोकायचा असला तरी लोक आधी त्याला फोन करतात, आणि हा जेवता जेवता, समोर भिंत असल्यासारखा, डावीकडं चार बोटं सरका म्हणून सांगतो. गर्व म्हणा हवं तर. पण त्याच्या शब्दाला वजन होतं, आणि ते त्यानं कमावलेलं होतं.

त्या दिवशी सकाळी जिनेंद्रशेठचा फोन आला. बियाण्याचे व्यापारी, जुनं गिऱ्हाईक. "मिस्त्री, बाथरूममधला तो डबा काढून टाका. नवीन आणून ठेवलाय. आजच या, अन् चारच्या आत झालं पाहिजे."

डबा म्हणजे पॉवर शॉवर. जिनेंद्रशेठचं लग्न झालं तेव्हा, चौदा वर्षांपूर्वी, त्यांनी तो पुण्याहून आणला होता. भिंतीवर टांगायचा पांढरा डबा, आत पाणी तापवायची कॉइल आणि पाणी जोरात फेकायची लहानशी मोटर. टाकीत पाणी कमी असलं तरी धार अशी की डोक्यावरचा साबण एका दमात साफ. तेव्हा गल्लीतल्या बायका बघायला आल्या होत्या. बसवला कारभारीनंच. आता तो पिवळा पडला होता, खालून गळत होता, आणि त्याची मोटर चालू झाली की शेजारच्या घरात कळायचं.

कारभारी पिशवी घेऊन दहा वाजता पोचला. फरशी नुकतीच पुसलेली, म्हणून चपला बाहेरच काढल्या. बैठकीत चंदाबाई बसल्या होत्या, जिनेंद्रशेठच्या आई. बहात्तर वर्षांची, बारीक चणीची बाई. पायाशी कपड्यांची बॅग, चेन लावून तयार.

"कुठं निघाल्या बाईजी?" कारभारीनं हसून विचारलं.

बाईंनी त्याच्याकडं बघितलं आणि तोंड खिडकीकडं फिरवलं. कारभारीला चमकल्यासारखं झालं. ही बाई एके काळी त्याला हातातलं काम थांबवून चहा पाजायची, धावड्याला मका कशी आली, त्याच्या बायकोचं, सोनूबाईचं, गुडघ्याचं दुखणं कसं आहे, सगळं विचारायची.

आत सूनबाई, शिखाभाभी, नवीन डब्याचं खोकं पुढं सरकवत हळू आवाजात म्हणाल्या, "मम्मीजी टेंभुर्णीला चालल्यात. जुन्या घरी. सोबतीला एक बाई ठेवलीय. चारला गाडी येणार."

"एकट्याच? अन् काहून?"

"कनिकाच्या कपाळाला तीन टाके पडलेत, भैय्या."

मंग शिखाभाभींनी सांगितलं ते असं. कनिका त्यांची पोरगी, दहा वर्षांची. यंदा पर्युषणात तिला आजीसारखं न्हाऊन मंदिरात जायची हौस लागली. चंदाबाईंचा नेम असा की देवाला जायची अंघोळ अनवाणीच करायची. पायात रबरी चप्पल ठेवून न्हालं तर ती अंघोळ धरायचीच नाही. घरातले बाकी सगळे बाथरूममधल्या निळ्या चपला घालूनच आत जातात, फरशी निसरडी आहे ना. तर गेल्या रविवारी कनिकानंही आजीचं बघून चपला बाहेर काढल्या आणि आत शिरली. चंदाबाईंनी ते पाहिलं आणि किंचाळतच धावल्या. "नको गं जाऊ, पाणी चावतं!" पोरीचा दंड धरून असं ओढलं की पोरगी घसरली आणि दाराच्या कडेवर कपाळ आपटलं.

"आठ वर्षं हेच ऐकून राहिलोय आम्ही," शिखाभाभींचा आवाज चढला. "पाणी चावतं, पाणी चावतं! तुम्हालाच तर बोलावलं होतं तेव्हा. डॉक्टर झाले, नसांचे झाले, डोक्याचे झाले, गोळ्या चालू आहेत. मी म्हटलं, चला, बोलू दे. पण आता पोरीच्या जिवावर आलं ना! हा डबा पण नको अन् ही कटकट पण नको."

 कारभारीला आठवत कसं नव्हतं! आठ वर्षांपूर्वी चंदाबाईंनी हट्टानं त्याला बोलावून घेतलं होतं. तो आला, शिखाभाभींनी दिलेल्या निळ्या चपला पायात घालून आत गेला, शॉवर सोडला, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्याखाली धरले, नळ पिरगाळून बघितला. काही नाही. बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "बाईजी, साप चावतो, कुत्रं चावतं, पाणी कुठं चावतं का?" जिनेंद्रशेठ हसले, भाभी हसल्या, कारभारी स्वतःही हसला. चंदाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. पुढं कितीतरी दिवस हा किस्सा कारभारीनं हार्डवेअरच्या दुकानात रंगवून सांगितला होता, टाळ्या घेतल्या होत्या.

त्यानंतर चंदाबाई मागच्या मोरीत बादलीनं न्हाऊ लागल्या. थंडीच्या दिवसातसुद्धा. आणि एकदा पाण्याच्या बाबतीत बाई भ्रमिष्ट ठरल्या म्हटल्यावर हळूहळू सगळ्याच बाबतीत ठरल्या. भाजी खारट झाली म्हणाल्या तर 'मम्मींचं असंच असतं'. गॅसचा वास येतोय म्हणाल्या तर 'गोळी घेतली का?' कुणी मुद्दाम छळलं असं नाही हो. उलट काळजी घेतली, वेळेवर दवाखान्यात नेलं. फक्त त्यांचं म्हणणं कुणी मनावर घेईना.

असो. कारभारी बाथरूममध्ये शिरला. डबा काढण्याआधी धार किती आहे ते एकदा बघून घ्यावं, म्हणजे नव्याची धार किती धरायची ते कळेल, हा त्याचा हिशेब. निळ्या चपला शिखाभाभींनी धुऊन गच्चीवर वाळत टाकल्या होत्या. तो तसाच ओल्या फरशीवर उभा राहिला, बटण दाबलं, डबा घरघरला, पाणी आलं. कारभारीनं धारेखाली डावा हात धरला आणि उजव्या हातानं स्टीलचा नळ पकडला.

झटका असा बसला की तो भिंतीवर जाऊन आदळला. दातावर दात. उजवा हात खांद्यापर्यंत मेल्यासारखा.  तीस वर्षांत करंट त्याला काय कमी वेळा बसला होता? पण तो वायरचा, बोर्डाचा, उघड्या स्विचचा. इथं तर पाण्यात होता. ज्या पाण्याखाली हे घर रोज सकाळी डोळे मिटून उभं राहत होतं, त्या पाण्यात!

"देवा रे," तो एवढंच म्हणाला. मंग बाहेर धावत जाऊन मेन स्विच पाडला.

डबा काढायला त्याला दहा मिनिटं लागायची, त्या दिवशी अर्धा तास लागला. उजवा हात अजून बधिर होता. आतली कॉइल क्षारानं फुगून फुटली होती. करंट तिथून डब्याच्या अंगात उतरत होता, ते सरळ दिसत होतं. पण असं कधीतरी होतंच, म्हणून तर हिरवी वायर लावतात. करंट भलतीकडं उतरला तर त्याला जमिनीत जायला वाट पाहिजे, ती वाट म्हणजे हिरवी वायर, अर्थिंग. मंग ही वाट गेली कुठं?

हिरवी वायर प्लास्टरमध्ये शिरत होती. कारभारीनं छिन्नी घेऊन प्लास्टर फोडलं. आत लोखंडी पाइप, त्याला पट्टीनं घट्ट बांधलेली हिरवी वायर. बांधणी त्याचीच, पिळाच्या पद्धतीवरून त्यानं ओळखली. चौदा वर्षांपूर्वी त्या घरात बाथरूमपर्यंत अर्थिंग आलेलंच नव्हतं. तेव्हा सगळेच मिस्त्री जे करत तेच त्यानं केलं होतं. पाइप लोखंडाचा, खाली बोअरपर्यंत गेलेला, जमिनीत रोवलेला; वायर त्यालाच बांधली की काम झालं. आणि झालंही होतं, बिलकुल पक्कं.

त्यानं आणखी प्लास्टर पाडलं. पाइप वितभर वर गेला आणि संपला. खाली वितभर गेला आणि संपला. दोन्ही टोकं करवतीनं कापलेली.

कारभारी बादली पालथी घालून तिच्यावर बसला.  ती करवतही त्याचीच होती. आठ वर्षांपूर्वी बोअरच्या जड पाण्यानं घरातले लोखंडी पाइप आतून भरत आले, तेव्हा जिनेंद्रशेठनी सगळे बदलायला सांगितले. कारभारीनं दोन दिवसांत प्लास्टिकचे टाकले. लोखंडाचा हा तुकडा भिंतीतून निघेना, म्हणून वरून खालून कापून तिथंच गाडून टाकला, वरून प्लास्टर मारलं. त्या दिवशी तो नळाचं काम करत होता ना, वायरचा विचार डोक्यात आलाच नाही. वायरवाला कारभारी आणि नळवाला कारभारी, दोघं एकाच अंगात राहणारे, पण त्या दिवशी त्यांची गाठ पडली नव्हती. हिरवी वायर तेव्हापासून त्या दोन वितींच्या लोखंडाला बांधलेली, आणि ते लोखंड कशालाच नाही.

आणि चंदाबाईंनी पाणी चावतं म्हणायला सुरुवात केली होती ती बरोबर त्याच पावसाळ्यात.

 रबरी चप्पल घालून आठ वर्षं सगळं घर वाचलं होतं. अनवाणी न्हाणारी एकटीच बाई खरं बोलत होती. आणि आपण? आपण टाळ्या घेतल्या. कनिका त्या दिवशी अनवाणी त्या धारेखाली गेली असती तर? दहा वर्षांची पोर, भिजलेलं अंग. कारभारीला पुढचा विचार करवेना. तीन टाके! अरे, त्या म्हातारीनं पोरीला यमाच्या दारातून ओढून आणलं होतं, आणि घरानं तिची बॅग भरली होती.

आता खरं सांगायचं तर, त्या क्षणी कारभारीच्या मनात पाप आलं. डबा पिशवीत. पाइपचा तुकडा भिंतीत तिथंच. नवा डबा, मेन बोर्डापासून नवी अर्थिंग, भिंतीला प्लास्टर. चारला गाडी येईल, बाई जातील. पाणी पुन्हा कधीच चावणार नाही. कुणाला कळणार? तीस वर्षांचं नाव एका दुपारीत मातीत घालायचं, ते कशासाठी?

त्यानं सोनूबाईला फोन लावला. काय बोलणार आहे हे त्यालाही माहीत नव्हतं. पण सगळं भडाभडा सांगून गेला, अगदी दुकानातल्या टाळ्यांसकट.

 मंग सोनूबाई म्हणाली, "त्या बाईला सांगितलं का?"

"न्हाई अजून."

"मंग मला काय सांगून राह्यले?" आणि फोन ठेवला.

कारभारी उठला. पिशवीतून झिरोचा बल्ब, होल्डर आणि दोन लांब वायरी काढल्या. जुना डबा पुन्हा दोन स्क्रूंवर टांगला, जोडणी केली, एक वायर शॉवरच्या नळाला लावली, दुसरी खिडकीतून खाली सोडून मीटरजवळच्या अर्थिंगच्या खिळ्याला. मंग बैठकीत जाऊन म्हणाला, "शेठ, भाभी, जरा या. बाईजी, तुमीबी या. तुमी तर याच."

चंदाबाई आल्या, पण दाराबाहेरच थांबल्या. कारभारीनं सगळ्यांना हात न लावायला बजावलं आणि मेन चालू करून डबा सुरू केला. होल्डरातला बल्ब लालसर पेटला.

"हे काय?" जिनेंद्रशेठनी विचारलं.

"हा बल्ब पाण्याच्या नळावर पेटलाय, शेठ. नळात करंट हाय. आठ वर्षांपासून हाय." कारभारीनं स्विच पाडला, भिंतीतला पाइपचा तुकडा दाखवला, कापलेल्या टोकांवर बोट ठेवलं. "हे म्या कापलं. म्याच बांधलं अन् म्याच कापलं, अन् इसरलो. बाईजी खरं बोलत होत्या. तवा मी चप्पल घालून हात धरला, म्हणून मला लागलं न्हाई, अन् मी तुमच्यासमोर हसलो. आज अनवाणी होतो, भिंतीवर जाऊन पडलो."

शिखाभाभींनी तोंडावर हात ठेवला. त्यांची नजर कनिकाच्या खोलीकडं गेली आणि त्या मटकन खालीच बसल्या. "पोरगी... मम्मीजींनी ओढलं नसतं तर... हे भगवान!" जिनेंद्रशेठचा चेहरा पांढराफटक. ते एकदा बल्बकडं, एकदा आईकडं बघत राहिले.

कारभारीनं चंदाबाईंचे पाय धरले. बाई एक पाऊल मागं सरल्या.

"कारभारीभाऊ," त्या फार हळू बोलल्या, "मला वाटायला लागलं होतं की मीच वेडी झाले. खरंच. रविवारी पोरीला ओढलं, तेव्हासुद्धा मनात येत होतं, चंदा, हा तुझा भ्रमच असला तर? गोळ्या मी लपवून फेकत नव्हते हो. मी घेत होते."

  पाण्यात काही नाही, एवढंच कारभारीनं तेव्हा हसत सांगितलं होतं. बाईंनी आठ वर्षं स्वतःवरच संशय घेतला असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

पुढचे तीन तास तो न जेवता राबला. मीटरपासून बाथरूमपर्यंत जाडजूड हिरवी वायर ओढली, उघडी, भिंतीवरून, सगळ्यांना दिसेल अशी. करंट जरा इकडं तिकडं झाला की आपोआप बंद पडेल असा स्विच मागवून बोर्डात बसवला. नवा डबा टांगला. बल्ब लावून तपासलं, पेटला नाही. चार वेळा तपासलं. सव्वातीन झाले होते.

"झालं बाईजी," तो म्हणाला.

चंदाबाई प्लास्टिकचं स्टूल घेऊन बाथरूमच्या दारासमोर बसल्या. "बल्बाचं मला काय कळत नाही. चप्पल न घालता तुम्ही उभे राहा आधी."

"मी?"

"बराबर. तुम्हीच."

कारभारी कपड्यानिशी, अनवाणी शॉवरखाली उभा राहिला. एका हातानं नळ धरून. धार डोक्यावर कोसळली, शर्ट अंगाला चिकटला, खिशातली पेन्सिल वाहून गेली. त्याला काही झालं नाही.

"आता जिनेंद्र."

"मम्मी, मी?"

"काढ चप्पल."

बियाण्याचे एवढे मोठे व्यापारी, इस्त्रीच्या कपड्यांत, अनवाणी आत गेले आणि आईच्या डोळ्यांसमोर चिंब भिजले. त्यांच्यामागून शिखाभाभी गेल्या, कुणी न सांगता, साडीसकट. रडत होत्या, पण त्या धारेत ते कळत नव्हतं. चंदाबाई प्रत्येकाचे पाय नीट निरखत होत्या, पाय फरशीला टेकलेत ना म्हणून. सगळे बाहेर येऊन निथळत उभे राहिल्यावर त्या स्टुलावरून उठल्या.

"आता पटलं. कनिकाला न्हाऊ द्या," असं म्हणून त्या बैठकीत गेल्या. फाटकाबाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

जिनेंद्रशेठ ओल्या पायांनीच मागं धावले. "मी गाडी परत पाठवतो. मम्मी, आता कशाला जाता? आता तर सगळं खरं निघालं ना! आम्ही मानलं ना!"

"काय मानलं?"

"की पाणी खरंच चावत होतं म्हणून."

चंदाबाईंनी पदर सारखा केला. रागाचा लवलेश नव्हता आवाजात; असता तर कारभारीला बरं वाटलं असतं.

"आठ वर्षांपूर्वी मिस्त्रीनं सांगितलं, पाणी चावत नाही. तू मानलं. आज मिस्त्रीनं सांगितलं, चावतं. आजही तू मिस्त्रीचंच मानलं, जिनेंद्र. माझं कधी मानलं?"

कारभारीनं पुढं होऊन बॅगेला हात घातला. बाईंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि स्वतः उचलून फाटकाकडं चालू लागल्या.